कांदेनवमीपासून महाव्रतापर्यंत: पंचांग, पत्रिका आणि योगसूत्रं साधनेत कशी वापरायची

आषाढ शुद्ध नवमीला महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत कांदाभजी, कांद्याची थालीपीठं, भरल्या कांद्याची भाजी होते. ही कांदेनवमी. दोन दिवसांनी आषाढी एकादशी, तिथून चातुर्मास, आणि मग कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा, लसूण, वांगं बंद. नियम कधी लागणार आणि कधी सुटणार हे पंचांग सांगतं. आत्मसंयमाच्या कामी ज्योतिषाचा सगळ्यात भरवशाचा उपयोग हाच, काळ आखून देण्याचा. वेदांगज्योतिष या जुन्या ज्योतिषग्रंथाचा मूळ हेतूही यज्ञाचा काळ ठरवणं हाच होता. बारा राशी आणि जन्मपत्रिका त्यात नाहीत, त्या नंतर आल्या.

पतंजलींच्या योगसूत्रांत याच काळाबद्दल एक कडक सूत्र आहे. दुसऱ्या पादात, म्हणजे प्रकरणात, अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे पाच यम, म्हणजे संयमाचे नियम, सांगून झाल्यावर लगेच ३१वं सूत्र येतं: ‘जातिदेशकालसमयानवच्छिन्नाः सार्वभौमा महाव्रतम्’. जात, जागा, काळ आणि प्रसंग यांच्या अटी ज्याला नाहीत ते महाव्रत. योगसूत्रांवरच्या जुन्या टीकेने, व्यासभाष्याने, यावर दिलेली उदाहरणं अगदी रोजच्या जगण्यातली आहेत. कोळी म्हणतो, मी मासेच मारीन, दुसरं काही मारणार नाही. दुसरा म्हणतो, तीर्थाच्या ठिकाणी मारणार नाही. तिसरा म्हणतो, चतुर्दशीला आणि पुण्यदिवशी मारणार नाही. या सगळ्या अहिंसा आहेत, पण अटींच्या. तिथी पाहून पाळलेला नियम भाष्यकारांनी हेटाळलेला नाही. तो कुठे थांबतो एवढंच दाखवलंय.

पंचांग आणि योगसूत्रं साधनेत एकत्र कशी वापरायची, याचं उत्तर माझ्या मते याच सूत्रात आहे. नियम तिथीला बांधून सुरू करायचा, आणि पुढे तिथी नसतानाही टिकेल इतका मुरवायचा. आपल्या पूजेतला संकल्पही नीट ऐकला तर हेच जाणवतं. ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’, शालिवाहन शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र असं सगळं म्हणून मगच ‘करिष्ये’ येतं. सुरुवात देशकालाने बांधलेलीच असते. ती तशीच असू द्यावी.

तिथी म्हणजे नेमकं काय

सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी पुरी होते. असे ३० भाग झाले की चांद्रमास संपतो, त्याला साडेएकोणतीस दिवस लागतात. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने तिथी कधी सुमारे २० तासांची, तर कधी जवळजवळ २७ तासांची असते. म्हणून एखादी तिथी एकाही सूर्योदयाला सापडत नाही, तिला क्षय म्हणतात. दोन सूर्योदय गाठणारी ती वृद्धी. दिवसाला तिथीचं नाव सूर्योदयावरून मिळतं. करण म्हणजे अर्धी तिथी. नक्षत्र म्हणजे १३ अंश २० कलांचा टप्पा, असे २७. पंचांगाच्या पाच अंगांतली बाकी दोन म्हणजे वार आणि योग (हा योग सूर्यचंद्राच्या गणिताचा, योगसूत्रांतला नव्हे). रोजच्या साधनेला यातली तिथी कळली तरी पुरतं.

गोंधळ होतो तो एकादशीला. कॅलेंडरवर लागोपाठ दोन दिवस ‘स्मार्त’ आणि ‘भागवत’ असं लिहिलेलं दिसतं आणि घरात वाद सुरू होतो. कारण साधं आहे. स्मार्त लोक साधारणपणे सूर्योदयाची एकादशी धरतात. भागवत संप्रदायाची अट जास्त कडक आहे. सूर्योदयाआधी ४ घटका, म्हणजे ९६ मिनिटं, अरुणोदय होतो. त्या वेळी दशमी शिल्लक असेल तर ती एकादशी दशमीने विद्ध झाली, म्हणजे तिला दशमीची बाधा लागली, आणि उपास दुसऱ्या दिवशी. वारकरी भागवत एकादशी धरतात. कुठली पाळायची ते एकदाच ठरवावं. सोयीप्रमाणे कधी ही, कधी ती असं करू नये, कारण मग नियम तिथीचा न राहता सोयीचा होतो. उपास सोडायचा तो द्वादशीला सूर्योदयानंतर आणि द्वादशी संपायच्या आत. द्वादशीचा पहिला चतुर्थांश हरिवासर, तेवढा टाळायचा.

परदेशातल्या मराठी माणसांचा इथे हमखास घोटाळा होतो. तिथी संपण्याचा क्षण सगळ्या जगात एकच असतो, सूर्योदय मात्र जागोजागी वेगळा. समजा, जुलै महिन्यात एकादशी भारतात सकाळी १० वाजता संपते आहे. पुण्यात त्या दिवशी सूर्योदयाला एकादशी आहे, म्हणून उपास त्या दिवशी. न्यू जर्सीत तो क्षण त्याच तारखेच्या रात्री साडेबाराला येऊन गेलेला असतो. तिथे सूर्य उगवतो तेव्हा द्वादशी चालू असते, म्हणून एकादशी आदल्या तारखेला. भिंतीवरचं मुंबईचं कॅलेंडर बघून उपास धरला तर तो द्वादशीला पडतो. आपल्या गावाचा अक्षांश-रेखांश घालून काढलेलं पंचांग वापरावं.

अधिक महिन्याचाही हिशोब असू द्यावा. २०२५ साली आषाढी ६ जुलैला होती, तर २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्याने ती २५ जुलैला. अधिक महिना चातुर्मासातच आला तर चातुर्मास पाच महिन्यांचा होतो. २०२० साली अधिक आश्विन आणि २०२३ साली अधिक श्रावण आला तेव्हा तसंच झालं. चार महिन्यांचा नियम घेताना मनाची तयारी चार महिन्यांचीच असेल तर पाचवा महिना जड जातो.

उपास कुठे बिघडतो

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. सकाळी खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, संध्याकाळी साबुदाणावडा असा दिवस गेला की पोट जड होतं आणि जपाला बसल्यावर डोळे मिटतात. सांगितलंय ते जिभेवरच्या ताब्यासाठी, घडतं मात्र जिभेच्या सणासारखं. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही असं स्पष्ट म्हटलंय.

सुरुवातीला पेलेल असा उपास असा: दशमीला रात्रीचं जेवण हलकं आणि लवकर. एकादशीला दुपारी एकदाच वाटीभर भगर आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी एक फळ किंवा ताक. पाणी नेहमीइतकं. द्वादशीला सकाळी साधा वरणभात, लगेच पुरणपोळी नको. भगरीचं पीठ जुनं वापरू नये. दमट हवेत त्याला बुरशी लागते, आणि उपासाच्या दिवसांत त्यातून विषबाधा झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारून डोस ठरवल्याशिवाय उपासाला बसू नये. पोट रिकामं आणि औषध नेहमीचं, यात साखर धोकादायक खाली जाते.

पत्रिकेकडून काय घ्यायचं

पंचांग गणितावर उभं आहे. पत्रिकेवरचं फलज्योतिष ही वेगळी गोष्ट आहे, आणि इथे स्पष्ट बोलायला हवं. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका चाचणीचे निष्कर्ष मांडले. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं अशा दोन गटांच्या पत्रिका ज्योतिषांना देऊन कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं होतं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं दिली. बरोबर आली सुमारे ४६ टक्के, म्हणजे छापाकाटा करून जेवढी यावीत साधारण तेवढीच. पत्रिकेवरून नोकरी, लग्न, ऑपरेशन ठरवणाऱ्याने हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा.

मग साधकाच्या कामी पत्रिका येते का? येते, भाकीत म्हणून न घेता आत्मपरीक्षणाचे प्रश्न म्हणून घेतली तर. परंपरेतच याला आधार आहे. योगसूत्रांत (२.१२ आणि २.१३) क्लेशांच्या, म्हणजे अविद्येसारख्या मनातल्या मूळ दोषांच्या, मुळावर कर्माशय म्हणजे कर्मांचा साठा पोसला जातो आणि त्याचं फळ जाति (कुठला जन्म), आयुष्य आणि भोग या तीन रूपांत मिळतं असं सांगितलंय. परंपरा पत्रिकेत हेच तीन विषय वाचते. पण तिथून तीनच सूत्रं पुढे गेलं की येतं, ‘हेयं दुःखमनागतम्’. जे दुःख अजून आलेलं नाही ते टाळण्याजोगं आहे. आलेलं भोगायचं, पुढचं थांबवण्यासाठी आज काम करायचं. पत्रिका हातात घेऊन ‘माझ्या नशिबातच नाही’ म्हणणारा माणूस या सूत्राच्या नेमका उलट दिशेला चाललेला असतो.

दशा, म्हणजे आयुष्याचे ग्रहांना वाटून दिलेले कालखंड, बघण्याची सवय असेल तर तिच्या अचूकतेची मर्यादाही माहीत हवी. विंशोत्तरी दशा १२० वर्षांची, आणि जन्मावेळी चंद्र नक्षत्रात किती पुढे गेला होता त्यावरून पहिली दशा किती उरली ते निघतं. रोहिणीला चंद्राची दशा असते; तिच्या बरोबर मध्यावर चंद्र असेल तर चंद्राच्या १० वर्षांपैकी ५ उरली. चंद्र तासाला साधारण ३३ कला चालतो आणि नक्षत्र ८०० कलांचं असतं. म्हणून जन्मवेळेत एका तासाची चूक असेल तर शुक्राच्या २० वर्षांच्या दशेत सुमारे १० महिन्यांचा फरक पडतो. तेवढ्याच चुकीने लग्न, म्हणजे जन्मावेळी पूर्वेला उगवणारा राशीचक्राचा बिंदू, सरासरी १५ अंश सरकतं, म्हणजे अर्धी रास. आजीने ‘दिवेलागणीला झालास’ असं सांगितलेल्या वेळेवर महिन्याच्या हिशोबात भविष्य काढणं गणिताला धरून नाही. त्यात अयनांश, म्हणजे राशीचक्राचा आरंभ वसंतसंपातापासून किती सरकवून धरायचा तो कोन, चित्रापक्षाच्या पंचांगांत सुमारे २४ अंश, आणि टिळक पंचांगाचा त्याहून साधारण ४ अंशांनी कमी. राशीच्या कडेला ग्रह असेल तर दोन पंचांगांत त्याची रास वेगळी येते.

सगळ्यात जास्त धास्ती असते ती साडेसातीची. शनीला राशीचक्र पुरं करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीला साधारण अडीच. जन्मराशीच्या आधीची रास, जन्मरास आणि पुढची रास मिळून साडेसात. शनी दरवर्षी सुमारे साडेचार महिने वक्री असतो, म्हणजे उलटा चालताना दिसतो, त्यामुळे रास ओलांडून पुन्हा मागे येतो आणि ‘संपली म्हणाले होते, परत कशी लागली’ हा प्रश्न निघतो. २९ मार्च २०२५ रोजी शनी मीनेत आला. तेव्हापासून मेषेची साडेसाती सुरू झाली, मीनेची मधली अडीचकी लागली आणि कुंभेची शेवटची. आता साधं गणित करा. कुठल्याही क्षणी बारापैकी तीन राशींना साडेसाती असते, म्हणजे सुमारे चतुर्थांश माणसांना. एवढ्या लोकांचं एकदम वाटोळं होत नाही, हे आजूबाजूला बघूनही कळतं. भीती घालून महागडा नीलम किंवा मोठी शांत गळ्यात मारणाऱ्याला हा चतुर्थांशाचा हिशोब विचारावा.

साडेसातीचा साधनेला उपयोग वेगळा आहे. ज्योतिषात शनी हा कष्ट, विलंब, म्हातारपण आणि सेवकवर्ग यांचा कारक. या चार शब्दांतून चार ठोस नियम निघतात. घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार १ तारखेला, न मागता, त्यांच्या हातात. अर्धवट राहिलेलं एक काम दर शनिवारी पुरं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ रोज १५ मिनिटं, फोन बाजूला ठेवून. रांगेत, ट्रॅफिकमध्ये, सरकारी कचेरीत थांबावं लागलं तर तेवढा वेळ नामस्मरण, कुरकुर नाही. शनिवारी मारुतीला तेल घालायचं तर खुशाल घालावं, पण बाईंचे पैसे दहा तारखेपर्यंत लटकवून तेल घालण्यात शनीची उपासना होत नाही. योगसूत्रांच्या भाषेत हे तप आहे, आणि दुसऱ्या पादाच्या सुरुवातीला तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान या तिघांना मिळून क्रियायोग म्हटलंय. त्याचा हेतू क्लेश तनू करणं, पातळ करणं. एका चातुर्मासात ते मुळापासून उपटतील असं वचन कुठेही दिलेलं नाही.

रोजची वही

आता मुख्य काम. दुसऱ्या पादातलं ३४वं सूत्र म्हणजे आत्मपरीक्षणाचा तयार तक्ता आहे. हिंसा, असत्य वगैरे वितर्क, म्हणजे यमांच्या विरुद्ध वृत्ती, तीन प्रकारे घडतात: कृत म्हणजे स्वतः केलेले, कारित म्हणजे दुसऱ्याकडून करवलेले, अनुमोदित म्हणजे दुसऱ्याने केले आणि आपण मान डोलावली. प्रत्येकाच्या मुळाशी लोभ, क्रोध किंवा मोह. आणि प्रत्येकाची मात्रा मृदू, मध्यम किंवा तीव्र. भाष्यकारांनी गुणाकार करून २७ प्रकार काढून दाखवलेत, आणि मात्रांचे पोटभेद धरून ८१.

एक साधी वही घ्या आणि रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं भरा. जास्तीत जास्त तीन नोंदी. नोंद अशी असावी:

‘मुलाच्या मार्कांवरून आवाज चढला. कृत, क्रोध, मध्यम.’
‘व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाची टिंगल चालली होती, मीही अंगठा दिला. अनुमोदित, मोह, मृदू.’
‘घराच्या व्यवहारात रक्कम कमी दाखवायला एजंटला सांगितलं. कारित, लोभ, तीव्र.’

कृत लगेच दिसतात. कारित आणि अनुमोदित दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि वहीची खरी किंमत तिथे आहे. ‘मी तर कुणाला काही बोललो नाही’ म्हणणाऱ्या सज्जन माणसाच्या वहीतही अनुमोदितांची रांग लागते. आठवड्याने बघायचं, कुठलं त्रिकूट सगळ्यात जास्त वेळा आलंय. त्या एकावरच प्रतिपक्षभावना करायची. ती म्हणजे नुसतं ‘चांगले विचार’ आणणं नाही. या वृत्तीचं फळ अंतहीन दुःख आणि अज्ञान आहे, हे पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणायचं. भाष्यात तर साधक स्वतःला सुनावतो की सोडून दिलेलं परत उचलणं म्हणजे कुत्र्याने आपली ओक चाटण्यासारखं आहे. भाषा तिखट आहे, पण रागाच्या क्षणी मवाळ वाक्यं आठवतही नाहीत. शिवाय कृतीही आधीच ठरवून ठेवावी. मार्कांचा विषय निघाला की आधी पाणी पिऊन यायचं, मग बसून बोलायचं.

वहीत तिथीचा रकाना जरूर ठेवा, पण तो रोज भरू नका. आठवड्याच्या शेवटी पंचांग बघून एकदम भरा. आज अमावास्या आहे हे आधीच ठाऊक असलं की चिडचिड नेमकी सापडते, आणि शनिवारी चाक पंक्चर झालं की शनी आठवतो. मंगळवारी पंक्चर झालेलं विसरायला होतं. चार महिन्यांनी रकाने समोरासमोर ठेवून बघा. एका चातुर्मासात चारच अमावास्या येतात, तेवढ्यावरून सिद्धांत काढता येत नाही, पण आपल्या मनात घट्ट बसलेले समज आपल्याच अक्षराशी ताडून बघता येतात.

नियम का मोडतो

पहिलं कारण हाव. आषाढीच्या उत्साहात एकदम पाच नियम घेतले जातात: कांदालसूण बंद, पहाटे पाचला उठणं, अकरा माळा, रोज पारायण, रात्री जेवण नाही. श्रावण लागेपर्यंत त्यातले तीन सुटतात आणि उरलेल्या दोनांचा उत्साहही जातो. एक नियम खाण्याचा, एक वाणीचा, एक उपासनेचा, बस्स. उपासनेला ‘रामकृष्णहरी’ची एक माळ, १०८ वेळा, शांतपणे म्हटली तर साधारण सहा ते आठ मिनिटं. वाणीचा नियम मोजता येईल असा असावा. ‘गोड बोलेन’ हा नियम नव्हे. ‘जेवताना कुणाची उणीदुणी काढणार नाही’ हा नियम.

दुसरं कारण, एकदा मोडला की सगळाच सोडणं. पहिल्या पादाच्या ३०व्या सूत्रात नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, मोजलेत: व्याधी, स्त्यान (मनाची जडता), संशय, प्रमाद, आलस्य, अविरती (विषयांची ओढ न सुटणं), भ्रांतिदर्शन, अलब्धभूमिकत्व, अनवस्थितत्व. शेवटचे दोन म्हणजे पायरी हाती न लागणं आणि लागलेली पायरी न टिकणं. दोन्ही वाटेत येणारच म्हणून तर यादीत आहेत. लग्नाच्या पंगतीत कांदा खाल्ला गेला तर वहीत नोंद करायची आणि दुसऱ्या दिवसापासून नियम चालू. त्याच पादाच्या १४व्या सूत्रात अभ्यास दृढ होण्याच्या तीन अटी आहेत: दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने. या तिसऱ्या अटीकडेच दुर्लक्ष होतं. कपाळाला आठ्या घालून पाळलेला नियम मुरत नाही, आणि घरच्यांनाही त्याचा जाच होतो. आपल्या उपासासाठी सुनेने दोन स्वयंपाक करायचे असतील तर वहीत हिंसेपुढे ‘कारित’ लिहायला हवं.

तिसरं कारण सौदा. ‘इतके शनिवार केले, आता काम व्हायला हवं.’ काम झालं नाही की नियम गेला, झालं की गरज संपली म्हणूनही गेला. ईश्वरप्रणिधान यावरच सांगितलंय: कर्म ईश्वराला अर्पण, किंवा निदान त्याच्या फळावरचा हक्क सोडणं. चौथं कारण मुहूर्त. व्रताला मुहूर्त ठीक, पण खरं बोलायला, माफी मागायला, उधारी फेडायला तो लागत नाही. पंचांगाच्या आडून चालढकल होऊ लागली की ते प्रमाद आणि आलस्य यांतच धरावं.

अंतरायांच्या सोबत्यांत, पहिल्या पादाच्या ३१व्या सूत्रात, दौर्मनस्य म्हणजे मनाची खिन्नता आणि अंगाला कंप हेही आहेत. मन दोन-तीन आठवडे सतत खालावलेलं असेल, झोप लागत नसेल, वही भरताना स्वतःचा तिरस्कार वाटू लागला असेल, तर वही बंद करून डॉक्टरांकडे जावं. ग्रह बघत बसू नये.

कार्तिकी एकादशी झाली की द्वादशीला चातुर्मास सुटतो. जे सोडलं होतं ते दान देऊन पुन्हा खायला लागायचं अशी रीत आहे. कांदा-वांग्याचा नियम तिथे सुटू दे. तिघांतला वाणीचा नियम मात्र पुढे चालू ठेवावा, आणि त्याला आता शेवटची तारीख लावू नये. वहीतून तिथीचा रकाना काढून टाकावा, बाकीचे तीन तसेच राहू द्यावेत. जेवताना उणीदुणी न काढणं लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या डब्याला आणि माहेरी-सासरीही टिकतं का, ते मार्गशीर्षातल्या नोंदींत दिसेल.